वाढीव खोलीचे छप्पर आणि वैशाखाचे ऊन

मुलाचे लग्न ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो नवे जोडपे कोठे राहील, हा. चिमूर घ्या, नेरी घ्या, भिसी किंवा शंकरपूर घ्या, आपल्या कोणत्याही वस्तीत हेच चित्र दिसते. घरकुलाच्या दोन खोल्या, त्यांना समोरून टिनाची सपरी, मागून न्हाणी, आणि बाजूला हातभर जागा उरली असेल तर तेथे आणखी एक खोली. आपली वस्ती पूर्वीपासून गावाच्या कडेला, दाटीवाटीची. भिंतीला भिंत लागलेली. त्यामुळे घर एकदम मोठे होत नाही, ते तुकड्यातुकड्याने वाढते. कधी सोयाबीनचे पैसे आले म्हणून, कधी पोरगा पुण्याच्या कंपनीत लागला म्हणून, कधी बचत गटाचे कर्ज मिळाले म्हणून.

त्या वेळी मिस्त्री एकच प्रश्न विचारतो : टिना टाकायच्या, की स्लॅब?

घरातली माणसे पैसे मोजून उत्तर देतात. पण वाचकहो, त्या एका उत्तरावर पुढची तीस वर्षे अवलंबून असतात. विजेचे बिल किती येईल, म्हातारी आई दुपारी कोठे पडेल, लेकराला झोप लागेल की नाही, हे सारे त्यातच ठरून जाते. शहरातील मोठ्या इमारतींसाठी या गोष्टींचे सरकारी मानक आहे. आपल्या खोलीसाठी नाही. ते मानक काय सांगते आणि त्यातले आपल्या उपयोगाचे काय, हे समजून घ्यायला हरकत नाही.

२००१ साली केंद्र सरकारने ऊर्जा संवर्धन कायदा केला. त्याखाली २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, २०१७ मध्ये ती सुधारली गेली. राहत्या घरांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. २०२२ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली. नुसती वीज वाचवणे नव्हे तर हवेत जाणारा कार्बन कमी करणे हाही हेतू त्यात आला आणि मोठी निवासी संकुले कायद्याच्या कक्षेत आली. २०२४ मध्ये दोन्ही संहितांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या.

वाढीव बांधकामाबद्दल २०१७ च्या संहितेत सरळ नियम आहे. जुन्या इमारतीत भर घातल्यावर किंवा फेरफार केल्यावर तिचा जोडलेला वीजभार १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक झाला, तर त्या नव्या भागाने मानक पाळलेच पाहिजे. मालकाला दोन वाटा दिल्या आहेत : एक तर वाढीव भाग एकटा मानकात बसवा, नाही तर जुने-नवे मिळून सारी इमारत एकच समजून मानकात बसवा.

आता १०० किलोवॅट म्हणजे किती? आपल्या घरातले दोन पंखे, चार दिवे, टीव्ही आणि कूलर मिळून अर्धा किलोवॅटसुद्धा होत नाही. दोनशे घरांची वस्ती एका वायरीवर जोडली, तरी कुठे त्या आकड्यापर्यंत पोचेल. २०१८ ची निवास संहिताही ५०० चौरस मीटर, म्हणजे पाच हजार चौरस फुटांहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पांसाठी होती. रमाई आवास योजनेचे घरकुल २६९ चौरस फुटांचे! म्हणजे ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्रे आहेत त्यांच्या छताची काळजी कायद्याने घेतली, आणि ज्यांच्या डोक्यावर ऊन थेट टिनातून उतरते त्यांचे छप्पर कायद्याला दिसलेच नाही. कायदा करणाऱ्यांचे गणित असे, की जेथे वीज जास्त जळते तेथे आधी नियम लावावा. गणित चुकीचे नाही. पण ते विजेचे गणित आहे, माणसाचे नव्हे.

तरीही त्या संहितेतला एक आकडा आपण उचलावा असा आहे. छताच्या एक चौरस मीटर भागावर, बाहेर-आत एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता आत शिरते, असा तो हिशेब आहे. निवास संहिता म्हणते, हा आकडा १.२ च्या वर जाऊ देऊ नका. उघड्या सिमेंट स्लॅबचा आकडा ३ च्या वर असतो. नुसत्या पत्र्याचा ५-६ च्या घरात.

हे घरात कसे जाणवते ते पाहा. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर छत. मे महिन्याच्या दुपारी छताचा माथा खोलीपेक्षा वीस अंशांनी जास्त तापला, असे धरू. उघड्या स्लॅबमधून सात-आठशे वॅट उष्णता आत येत राहते. म्हणजे घरात कपड्यांची इस्त्री चालू करून छताला उलटी टांगून ठेवल्यासारखे. तेच छत १.२ च्या मानकातले असेल, तर ही उष्णता तिसऱ्या हिश्श्यावर येते. पंखा तोच, माणसे तीच, पण डोक्यावरची इस्त्री जवळजवळ बंद.

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतात. ४५, ४६, ४७ अंश हे आकडे आपल्याला नवे नाहीत. मग आपले आजे-पणजे कसे राहत होते? कवेलूच्या घरात. कवेलूवर कवेलू चढवलेला असतो, मधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, खाली बांबूचा थर असतो, मातीची भिंत जाड असते. पण जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांच्या ओळीत बसायची आपल्याला गरज नाही. त्या घरांत आपल्या वाट्याला वाड्याची जाड भिंत कधीच नव्हती. कुडाची भिंत होती, गळके छप्पर होते, पावसाळ्यात विंचू-साप होते. दरवर्षी कवेलू फेरायचे, त्याची मजुरी वेगळी. ताडोबाच्या बाजूच्या गावांत माकडांची टोळी एकदा घरावरून गेली, की शंभर कवेलू फुटलेच समजा. ज्या माणसाने आयुष्यभर गळते छप्पर सोसले त्याला स्लॅब हवा असतो, आणि तो हवासा वाटण्यात अब्रूचाही भाग असतो. त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

प्रश्न स्लॅब टाकावा की नाही, हा नाहीच. टाकलेला स्लॅब उघडा का ठेवावा, हा आहे.

टिना आणि स्लॅब यांचा स्वभाव वेगळा आहे. हे ओळखले तर पैसा न घालताही बरेच साधते. पत्रा सकाळी नऊ वाजता तापायला लागतो, बारा ते चार खाली बसवत नाही, पण दिवस मावळला की लवकर निवतो. स्लॅब उलटा. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री ओकतो. बाहेर अंगणात वारा सुटलेला असतो आणि आत स्लॅबखाली मध्यरात्रीपर्यंत भट्टी असते. आता आपल्या घरात कोण केव्हा असते? कर्ती माणसे दिवसा कामावर. दुपारी घरात उरतात म्हातारी माणसे, तान्ही लेकरे, आणि बाळंतीण असेल तर ती. नेमकी हीच माणसे आपण टिनाच्या सपरीत बसवतो, कारण स्लॅबची खोली नव्या जोडप्याला दिलेली असते. उष्माघाताचा धोका सर्वांत जास्त म्हाताऱ्यांना आणि लेकरांना. मे महिन्यापुरता तरी दुपारचा मुक्काम आतल्या खोलीत आणि रात्रीची झोप सपरीत किंवा अंगणात, अशी अदलाबदल करावी. सुनेला विचारून करावी, हे वेगळे सांगायला नको.

सिमेंटचा पत्रा म्हणून जो मिळतो तो टिनापेक्षा कमी तापतो, हे खरे. पण त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते. कापताना, भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही, आणि तिचा आजार वीस-तीस वर्षांनी उगवतो. तो पत्रा कापणारे हात बहुतेक आपल्याच वस्तीतले असतात, म्हणून लिहिले.

कार्बनचा हिशेबही आपण एकदा घालून पाहू. त्याचे मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचे, राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज केंद्रांपैकी. कोळसा येथला, राख येथली, धूर येथला. राजुरा-कोरपना भागातल्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे आहेत. चुनखडी भाजली, की दगडातलाच कार्बन वायू होऊन निघतो. इंधनाचा धूर वेगळाच.

दहा बाय बाराच्या एका स्लॅबला साधारण दहा-अकरा पोती सिमेंट लागते आणि शंभर किलोच्या आसपास लोखंड. यांच्या निर्मितीत मिळून सुमारे अर्धा टन कार्बन वायू हवेत गेलेला असतो. तो एकदाच. पण त्याच तापणाऱ्या छताखाली २०० वॅटचा कूलर रोज बारा तास, शंभर दिवस चालला, तर २४० युनिट वीज जळते. देशात एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास वायू निघतो. म्हणजे एका उन्हाळ्यात १७० किलो. तीन उन्हाळ्यांत कूलर स्लॅबची बरोबरी करतो, आणि छत तीस वर्षे टिकते. म्हणजे कार्बनचा खरा निर्णय सिमेंटच्या पोत्यात कमी आणि छताच्या माथ्यावर जास्त आहे. पोते घेताना मात्र राखमिश्रित, पीपीसी लिहिलेले सिमेंट घ्यावे. त्यात मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के वीज केंद्राची राख असते, तेवढी चुनखडी भाजणे वाचते, आणि घराच्या कामाला ते चांगले चालते. विटांचेही तसेच. राखेची वीट भट्टीत भाजावी लागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जगाचे हवामान बिघडवण्यात चिमूरच्या मजुराचा कूलर कोणत्या खिजगणतीत? वर्षभरात त्याच्या घरात जेवढी वीज लागते तेवढी एखादा बंगला एका महिन्यात जाळतो. तेव्हा कूलर लावल्याबद्दल आपल्या माणसांना अपराधी वाटायला लावणाऱ्यांचे ऐकू नये. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेबांकडे मजूर खात्याबरोबर विजेचाही विषय होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी जी भूमिका मांडली ती स्वस्त आणि मुबलक विजेची होती. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, असे ते धोरण होते. वीज आपल्या हक्काची आहे. ती तापलेल्या छताशी झुंजण्यात का संपवायची, एवढाच मुद्दा.

बिलाच्या बाजूनेही पाहा. विजेचा दर १०० युनिटांच्या वर गेला की चढतो. वर सांगितलेला कूलर महिन्याला ७२ युनिट खातो. ७५ वॅटचा जुना पंखा रोज पंधरा तास चालला की ३४ युनिट. झाले, शंभरी ओलांडली, अजून दिवे आणि टीव्ही बाकीच आहेत. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो, महिन्याला १३-१४ युनिट. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही तारांकनाची चिठ्ठी सक्तीची आहे, ती पाहून घ्यावा. लग्नात आहेर म्हणून भांड्यांच्या ढिगापेक्षा असा एक पंखा दिला तर नवरा-नवरी दोघेही आठवण काढतील.

इंग्लंडमध्ये साध्या घरालाही हे मानक लागू आहे. तेथे घराला खोली जोडायची असेल तर नव्या छताचा आकडा ०.१५ च्या आत लागतो. जुन्या छताचा निम्म्याहून अधिक भाग उघडून दुरुस्त करायचा असेल तरी त्याच वेळी उष्णतारोधक थर घालावा लागतो. तेथे थंडी अडवायची असते, आपल्याला ऊन. त्यांचा आकडा आपण घ्यायचे कारण नाही. पण दुरुस्तीचीच वेळ साधायची, ही त्यांची रीत घेण्यासारखी आहे. मिस्त्री, पाड आणि वाळू दारात असताना जे काम थोड्यात होते, ते नंतर दुप्पट पैशांतही होत नाही.

आपल्या सीमेपलीकडच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरण आणले. सरकारी आणि व्यापारी इमारतींना तसेच ६०० चौरस यार्ड व त्यावरील भूखंडावरच्या घरांना ते सक्तीचे, लहान घरांना ऐच्छिक. अहमदाबादने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. पांढरा रंग ही गरिबांची तडजोड समजू नका. मोठ्या इमारतींच्या संहितेतही सपाट छताने किमान ६० टक्के ऊन परत फेकले पाहिजे, अशी अट आहे. मळकट, काळपट स्लॅब त्याच्या निम्मेही फेकत नाही.

ते काम आपल्याला घरच्या घरी करता येते. मार्चमध्ये, होळीच्या सुमारास, स्लॅब झाडून धुवून घ्यावा. विरलेला चुना गाळून त्यात चिकटपणासाठी फेव्हिकॉल घालावे आणि दोन हात आडवे-उभे मारावेत. संध्याकाळी मारावा, भर उन्हात मारला तर पापुद्रे सुटतात. कळीचा चुना घरी विरवायचा असेल तर लेकरांना दूर ठेवावे. तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. पावसाळ्यात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी नव्याने मारावा लागतो. टिनावर चुना टिकत नाही, तेथे बाहेरून मारायचा पांढरा रंगच लागतो. खोली दोन ते पाच अंशांनी निवते, असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. ४५ अंशांच्या गावात तीन अंश म्हणजे काय, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

नवा स्लॅब टाकत असाल तर त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून घ्यावा, गळतीही थांबते आणि उष्णताही. टिनाच्या खाली बांबूचे तट्टे लावावेत. आपला जिल्हा बांबूचा. चिचपल्लीला बांबूचे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, आणि गावोगावी तट्टे विणणारे हात अजून आहेत. तट्टे टिनाला चिकटवू नयेत. मध्ये वीतभर जागा ठेवून दोन्ही टोकांना हवा जायला फट ठेवावी, म्हणजे गरम हवा तेथूनच पळते. कोणी टिनावर धानाची तणस टाकतात. थंडावा मिळतो, पण एक ठिणगी पुरे होते. चूल आणि विजेची तार जवळ असेल तेथे तणस नको.

खिडकीचेही मानक आहे. नागपूरसारख्या संमिश्र हवामानासाठी निवास संहिता म्हणते, खोलीच्या क्षेत्राच्या साडेबारा टक्के तरी उघडणारी जागा हवी. दहा बाय बाराला पंधरा चौरस फूट. बाहेर उघडणारा दरवाजा त्यात धरता येतो. पण सरकत्या काचेची खिडकी अर्धीच उघडते, म्हणून तिचे माप अर्धेच धरायचे. झडपांची खिडकी पूर्ण उघडते. आपल्याकडे मात्र ‘मॉडर्न’ म्हणून सरकती खिडकी घेतात आणि मग हवा येत नाही म्हणून कूलर घेतात! खिडक्या समोरासमोर असाव्यात. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी नको, तेथे छज्जा किंवा वेलीचा मांडव बरा. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाही तर खोलीत नुसता दमटपणा भरतो.

सूर्यघर योजनेतून २०२४ पासून छतावरच्या सौर संचाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३० हजार रुपये अनुदान जाहीर झाले आहे. एका किलोवॅटला सुमारे दहा चौरस मीटर छत लागते आणि दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. शिवाय तेवढ्या छताला सावली होते, हा फायदा कोणी जाहिरातीत सांगत नाही. उरलेले पैसे मात्र आधी उभे करावे लागतात. कर्ज काढून घाई करण्यापेक्षा आधी चुना, तट्टे, पंखा.

विहारांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. बहुतेक विहारांना मागच्या काही वर्षांत समोर टिनाचा सभामंडप जोडला गेला. कोठे दानातून, कोठे आमदार निधीतून. आणि बुद्ध पौर्णिमा येते नेमकी वैशाखात. दुपारच्या कार्यक्रमाला स्त्रिया लेकरे मांडीवर घेऊन त्या टिनाखाली बसतात, वर चार पंखे गरम हवा फिरवतात. विहार समितीने मंडपाचे अंदाजपत्रक करताना रंगीत कमान आणि ग्रॅनाइटच्या फरशीआधी छताखालच्या थराची रक्कम धरावी. वस्तीतले सर्वांत थंड छप्पर विहाराचे असेल तर भर दुपारी म्हाताऱ्यांना तेथे बसता येईल आणि दहावी-बारावीची मुले अभ्यास करतील.

परवानगीचे भय काहीजण घालतात, म्हणून हेही सांगतो. नगर परिषद हद्दीत २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. नवी खोली जोडायला परवानगी लागते. सफेदी, गिलावा, फरशी, किंवा त्याच उंचीवर छप्पर बदलणे यांना लागत नाही. छताला चुना मारण्यासाठी कोणाला चहा पाजायची गरज नाही.

राहिली मागणी. कायद्यातली १०० किलोवॅटची मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे, पण नुसती मर्यादा उतरवून आपले भले होणार नाही. मानक येईल आणि पैसा येणार नाही, मग तेच मानक घरकुलाचा हप्ता अडवायला वापरले जाईल. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशाला १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागाला १ लाख ३० हजार रुपये ठरले. तेवढ्यात भिंती आणि स्लॅब पूर्ण होतानाच दमछाक होते. म्हणून घरकुलाच्या अंदाजपत्रकात छताच्या उष्णतारोधक थराची वेगळी ओळ आणि तिच्यासाठी वेगळी रक्कम असावी. १ मे च्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यावा. ठरावाची नक्कल पंचायत समितीला आणि पालकमंत्र्यांना पाठवावी, पोच घ्यावी. चिमूर शहरातल्यांनी तोच अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा. अर्जात खोलीचे माप, छताचा प्रकार आणि उन्हाळ्यातल्या तीन महिन्यांच्या वीजबिलांच्या झेरॉक्स जोडाव्यात. वस्तीतल्या वीस घरांचा एकत्र तक्ता असेल तर आणखी चांगले. तो तक्ता बारावीची मुले एका रविवारी करून देतील.